आवाजाला मिळालेले नाव

इंदूरच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडणाऱ्या मनुष्यास सियागंजचा घाऊक बाजार फार वेळ शोधावा लागत नाही. किराणा, मसाल्याचे पदार्थ, सुकामेवा, चहा, साबुदाणा, नारळ अशा नाना जिनसांची येथे पोत्यांनी आणि पेट्यांनी उलाढाल चालते, आणि येथून तो माल माळव्यातील लहानमोठ्या गावांच्या दुकानांत जाऊन पोहोचतो. घाऊक बाजाराचा एक साधा दंडक आहे. माल उत्तम असून भागत नाही. पोत्यावर मार्का असावा लागतो. मार्का पाहिला की माल कोठला, कोणाचा, आणि वाईट निघाल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे गिऱ्हाइकास कळते. व्यापाऱ्याची सारी पत त्या मार्क्यावर उभी असते.

या बाजारापासून फारशा दूर नसलेल्या शीख मोहल्ल्यात २८ सप्टेंबर १९२९ रोजी एका नामांकित मराठी गायक नटाच्या घरी कन्या जन्मास आली. पुढे तिचा आवाज हिंदुस्थानातील घराघरांत पोहोचला. परंतु आरंभीची काही वर्षे तो आवाज मार्का नसलेल्या मालासारखाच बाजारात खपला. लोक गाणे ऐकत, गुणगुणत, त्याची तबकडी विकत घेत; ते गायिले कोणी, हे त्यांना सांगण्याची गरज कोणास वाटत नसे. लता मंगेशकर यांच्या लोकप्रियतेची हकीकत आजवर पुष्कळदा सांगितली गेली आहे. गोड गळा, कष्टात गेलेले बालपण आणि अखेरीस लाभलेले मानसन्मान एवढ्यावर ती बहुधा संपते. त्या आवाजाला नाव कसे मिळाले, आणि नाव मिळाल्यावर हक्कासाठी काय करावे लागले, हा भाग मात्र मागे राहतो. इतिहासाच्या दृष्टीने पाहू गेल्यास तोच भाग अधिक मोलाचा आहे.

हिंदी मुलखातील या शहरात मराठी गाण्याचे कुटुंब कसे आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि तिच्याबरोबर कारकून, शास्त्री, वैद्य, शिक्षक अशी अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. १८७० च्या दशकात खांडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग झाला; त्यासाठी दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारास एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. या मार्गाने जसा मुंबईचा माल, तशाच मराठी नाटक मंडळ्याही माळव्यात उतरू लागल्या. पद आवडले तर ते पुन्हा म्हणावयास लावणारा जाणता प्रेक्षक त्यांना येथे भेटे, आणि राजाश्रयाचीही आशा असे.

अशा मंडळ्यांच्या जगातील एक तेजस्वी पुरुष म्हणजे मास्टर दीनानाथ. त्यांचा जन्म १९०० साली गोव्यातील मंगेशी येथला. मंगेशीच्या देवस्थानाशी निगडित अशा घरात ते वाढले आणि गावाच्या नावावरूनच त्यांनी मंगेशकर हे आडनाव धारण केले. किर्लोस्कर नाटक मंडळीत काही काळ काढल्यानंतर १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बलवंत संगीत मंडळीची स्थापना केली. त्यांच्या या थोरल्या मुलीचे पाळण्यातील नाव हेमा असे होते. पुढे गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातील लतिका या पात्रावरून तिला लता म्हणू लागले. जिच्या नावासाठी पुढे इतके घडावयाचे होते, तिचे आडनाव देवाच्या गावावरून आणि नाव रंगभूमीवरून आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

संगीत नाटकात गाणारा आणि दिसणारा एकच असे. दीनानाथांनी तान घेतली की ती दीनानाथांचीच, याविषयी प्रेक्षकाला संशय नसे. चित्रपट बोलू लागल्यावर हा न्याय फार काळ टिकला नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचा पाया खचू लागला. बलवंत मंडळीने १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा चित्रपट काढून पाहिला, पण ती गलबत सावरले नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथांचे पुण्यास निधन झाले, तेव्हा लताबाईंचे तेरावे वर्ष चालू होते. मागे आई आणि मीना, आशा, उषा व हृदयनाथ ही चार धाकटी भावंडे. मास्टर विनायक यांनी या कुटुंबाला आधार दिला आणि त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात लताबाईंनी लहानशी भूमिका केली. ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी त्यांनी गायिलेले गाणे तर चित्रपटातून गाळलेच गेले. १९४५ मध्ये मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स ही संस्था कोल्हापुरातून मुंबईस आली आणि तिच्याबरोबर लताबाईही आल्या.

मुंबईत त्यांनी भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खां यांचे शिष्यत्व पत्करले. त्यानंतर अमानत खां देवासवाले यांच्याकडे त्या शिकल्या. देवास म्हणजे इंदूरच्या शेजारचेच गाव. म्हणजे जन्माने तुटलेला माळव्याचा धागा विद्येने पुन्हा जुळला. उच्चारांविषयी एकदा दिलीपकुमार यांनी असा शेरा मारला, की मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लताबाईंनी तो शेरा मनास लावून घेतला, पण रुसून न बसता एका मौलवींकडे रीतसर उर्दूची शिकवणी धरली. १९४८ च्या सुमारास संगीतकार गुलाम हैदर यांनी त्यांना ‘शहीद’ या चित्रपटासाठी निर्माते शशधर मुखर्जी यांच्यापुढे नेले. मुखर्जींनी हा आवाज फारच बारीक आहे असे म्हणून नाकारला. हैदरसाहेबांनी हट्टाने तोच आवाज त्याच वर्षी ‘मजबूर’ चित्रपटात घेतला आणि आपले म्हणणे खरे करून दाखविले.

येथे पार्श्वगायनाचा प्रकार थोडा समजून घेतला पाहिजे. १९३५ च्या ‘धूप छांव’ या चित्रपटात कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गाणे आधी मुद्रित करून पडद्यावरील पात्रांकडून केवळ ओठ हलवून घेण्याची पद्धत वापरली. त्यापूर्वी गाता येणारी मंडळीच नट होत. सैगल यांच्यासारखे काही पुढेही तसेच राहिले. नवी पद्धत रुळल्यावर चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा अशी वाटणी झाली. निर्मात्यांना त्यात लाभ होता. प्रेक्षकाने नायिकाच गाते आहे असे समजावे, हे त्यांच्या धंद्याला सोयीचे होते. मग गळ्याचे नाव कशाला सांगावयाचे? तबकडीवरदेखील कित्येकदा गायिकेऐवजी चित्रपटातील पात्राचेच नाव छापले जाई.

१९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश आणि पडद्यावर मधुबाला. त्यातील दूरवरून जवळ येत जाणाऱ्या त्या गूढ गाण्याने देशभर श्रोत्यांना वेड लावले. तबकडीवर गायिकेचे नाव होते ‘कामिनी’. म्हणजे मधुबालेच्या पात्राचे नाव! आकाशवाणीकडे चौकशीची पत्रे येऊ लागली. ही कामिनी कोण, असे श्रोते विचारू लागले. अखेर नभोवाणीने तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली आणि खरे नाव श्रोत्यांना सांगितले गेले. लोकप्रियता आणि नाव यांचा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला. एरवी नाव होते आणि मग लोक ऐकावयास येतात. येथे लोकांनी आधी ऐकले, आणि नाव त्यांनी मागून घेतले. लताबाईंना पहिली ओळख मिळवून दिली ती निर्मात्याने किंवा कंपनीने नव्हे. पत्र टाकणाऱ्या सामान्य श्रोत्याने.

नाव सांगितले जाण्याने काय फरक पडतो, याची एक बोलकी साक्ष देवासचीच आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये देवासला आले. त्यांना कित्येक वर्षे गाण्याची मनाई होती. लताबाईंवर पुढे लिहिलेल्या एका लेखात त्यांनी आपल्या आजारपणातील अनुभव नमूद केला आहे. सहज नभोवाणी लावली असता एक विलक्षण आवाज कानी पडला. गाणे संपले, गायिकेचे नाव सांगण्यात आले, आणि ते ऐकून कुमारजी चकित झाले, कारण त्या गळ्यात दीनानाथांची ओळख पटत होती. नाव उच्चारले गेले नसते, तर त्या क्षणी एका थोर गायकाला केवळ एक गोड आवाज ऐकू आला असता. नाव कळल्यामुळे बाप आणि लेक, नाटक आणि चित्रपट, एक पिढी आणि दुसरी पिढी यांचा संबंध जुळला. त्याच लेखात कुमारजींनी असेही मत मांडले आहे, की लताबाईंच्या गाण्यामुळे सामान्य माणसाची सुराची समज वाढली आणि मुलेसुद्धा पूर्वीपेक्षा सुरात गुणगुणू लागली. शास्त्रीय संगीताच्या एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने चित्रपटगीतास दिलेली ही पावती सामान्य म्हणता येणार नाही.

याच काळात नभोवाणीच्या धोरणाने एक चमत्कारिक वळण घेतले. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टे अभिमानी आणि चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत प्रतिकूल. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकट जाहिरात होय, असे ठरून गाण्यासोबत केवळ गायकाचे नाव सांगण्याचा दंडक निघाला. निर्माते चिडले, त्यांनी परवाने काढून घेतले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोता मात्र थांबला नाही. त्याने रेडिओ सिलोनकडे काटा वळविला. तेथे डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५५ मध्ये इंदूरचे आकाशवाणी केंद्र निघाले, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि ही गाणी पुन्हा स्वदेशी लहरींवर आली. चित्रपटगीताचे शत्रू म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्याच दंडकाने गायकाचे नाव चित्रपटाच्या नावाहून वरचढ ठरविले, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

आता लोकांना नाव माहीत झाले होते. परंतु धंद्याने ते अद्याप मान्य केले नव्हते. चित्रपटांसाठी ‘फिल्मफेअर’ पारितोषिके १९५४ पासून दिली जाऊ लागली. त्यांत संगीतकारास पारितोषिक होते, गायकास नव्हते. १९५७ मध्ये शंकर-जयकिशन यांना ‘चोरी चोरी’ या चित्रपटाच्या संगीताबद्दल पारितोषिक मिळाले. समारंभात त्यातील आपले गाणे लताबाईंनी गावे, अशी जयकिशन यांनी विनंती केली. लताबाईंनी नकार दिला. पारितोषिक संगीताला आहे, गाण्याला नाही. मग वाद्येच वाजवा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. संगीतकार नाराज झाले, परंतु मुद्दा बिनतोड होता. १९५९ मध्ये पार्श्वगायनासाठी पारितोषिक निर्माण झाले आणि पहिले पारितोषिक ‘मधुमती’ चित्रपटातील गाण्याबद्दल लताबाईंनाच मिळाले. ही मागणी केवळ स्वतःपुरती नव्हती, याची साक्ष पुढे मिळाली. १९७० च्या सुमारास, नव्या गायिकांना वाव मिळावा म्हणून आपला यापुढे विचार करू नये, असे त्यांनी स्वतःच सांगून टाकले.

नावापाठोपाठ प्रश्न आला तो पैशाचा. गाण्याची तबकडी वर्षानुवर्षे खपे. तिच्या विक्रीतील काही अंश निर्मात्याला आणि संगीतकाराला मिळे. गायकाला मात्र मुद्रणाच्या दिवशी जे हातावर ठेवले जाई तेवढेच. एकोणीसशे साठच्या आरंभी लताबाईंनी गायकालाही या विक्रीत हिस्सा असावा, अशी मागणी केली. महंमद रफी यांचे मत निराळे पडले. गायकाने गाणे गायिले, ठरलेला मोबदला घेतला, म्हणजे व्यवहार पुरा झाला, असे ते मानीत. रफीसाहेब वृत्तीने समाधानी आणि उदार होते. त्यांच्या म्हणण्यात लोभाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच त्यास वजन होते. या मतभेदाने इतकी तेढ आली की काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे सोडून दिले. १९६७ च्या सुमारास समेट झाला. या प्रसंगात एक बाजू शहाणी आणि दुसरी चुकीची, असा निवाडा करण्याचे कारण नाही. एकाने कलेकडे सेवा म्हणून पाहिले, दुसरीने श्रमाकडे हक्क म्हणून पाहिले. मात्र एवढे खरे, की मोठ्या माणसाने मोबदला सोडला तर तो त्याचा मनाचा थोरपणा ठरतो. लहान गायकाला मात्र तो सोडण्याची सवड नसते. ज्याला उद्याच्या मुद्रणाची शाश्वती नाही, त्याच्या वतीने मागणी करावयाची तर ती ज्याला कोणी नाकारू शकत नाही अशानेच करावी लागते.

ही स्थिती हिंदुस्थानापुरती नव्हती. अमेरिकेत मार्नी निक्सन या गायिकेने ‘द किंग अँड आय’ (१९५६), ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) आणि ‘माय फेअर लेडी’ (१९६४) या गाजलेल्या चित्रपटांत प्रख्यात नट्यांसाठी गळा दिला; पडद्यावर तिचे नाव नव्हते. ‘वेस्ट साइड स्टोरी’चे संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी आपल्या हिश्शातील अल्प भाग तिला दिला, तो त्यांच्या सौजन्याने. कायद्याने तिला काही मिळाले नाही. तिचे नाव अमेरिकेत जाणकारांपुरतेच राहिले. इकडे मात्र पडद्यावरील नटी बदलत गेल्या, आणि लोक गाणे ओळखू लागले ते लताबाईंचे म्हणून. नावासाठी वेळीच आग्रह धरल्याचे हे फळ होते.

परंतु नावाचा लोभ आणि नावाचा हक्क या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे दाखविणारा एक प्रसंग मराठी चित्रपटाच्या इतिहासात नमूद आहे. साठच्या दशकात ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना ‘आनंदघन’ नावाच्या संगीतकाराने चाली दिल्या. ‘साधी माणसं’ या १९६५ च्या चित्रपटाला महाराष्ट्र शासनाची पारितोषिके मिळाली आणि संगीताबद्दल आनंदघन यांचे नाव पुकारले गेले. कोणी उठेना. लताबाई सभागृहात शांत बसून होत्या. अखेर आनंदघन म्हणजे लता मंगेशकरच, असे जाहीर करण्यात आले आणि त्यांना उठून पारितोषिक स्वीकारावे लागले. नाव झाकण्याचा अधिकार ज्याचे नाव त्यालाच असतो. ‘कामिनी’ हे नाव दुसऱ्याने लादले होते. ‘आनंदघन’ त्यांनी आपण होऊन घेतले होते. दोहोंमधील हे अंतर समजले, म्हणजे या सर्व झगड्याचे मर्म समजते.

या हकीकतीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. गायिकेला नाव मिळाले, पण त्याच ध्वनिमुद्रण गृहात बसलेल्या अनेकांना ते मिळाले नाही. लताबाईंच्या आवाजामागे जो भरघोस वाद्यमेळ ऐकू येतो, त्याची स्वररचना लिहिणारे आणि तो वाजविणारे कित्येक कलावंत गोव्याचे ख्रिस्ती होते. चर्चच्या संगीतशाळांत ते पाश्चात्त्य स्वरलेखन शिकले होते. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी, ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतोनियो वाझ यांनी सी. रामचंद्र यांच्यासाठी काम केले. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे; त्यांचे वडील तेथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. मंगेशीच्या देवळातील गाणे आणि माजोर्ड्याच्या चर्चमधील व्हायोलिन यांची भेट मुंबईतील ध्वनिमुद्रण गृहात झाली, असे म्हणावयास हरकत नाही. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी रागांवर आधारित वाद्यवृंदरचना मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात सादर केल्या, तेव्हा लताबाई आणि मन्ना डे त्यांत गायिले होते. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गमतीच्या गाण्यात गुरूचे नाव गुंफले. ते नाव देशातील मुलामुलांच्या तोंडी झाले. पण असा कोणी मनुष्य खरोखर आहे, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक होते. २०१२ मध्ये गोव्यात त्यांचे निधन झाले.

कवीचीही गत पुष्कळदा अशीच. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लताबाईंनी चीनच्या युद्धात कामी आलेल्या जवानांवरील गीत गायिले आणि सारी सभा गहिवरली. गीत कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्र यांची. प्रदीप हे माळव्याचेच. उज्जैन जिल्ह्यातील बडनगर हे त्यांचे जन्मगाव. त्या समारंभाचे निमंत्रण खुद्द कवीला नव्हते. या गीताचे उत्पन्न युद्धात वीरगती पावलेल्यांच्या विधवांसाठी द्यावे, ही त्यांची इच्छा. ती अमलात येण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीस दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तोपर्यंत गीतास ४२ वर्षे होऊन गेली होती आणि कवी हयात नव्हते.

लताबाईंच्या लोकप्रियतेचे माप काढण्याचा प्रयत्न बहुतेकांनी संख्येने केला. १९७४ मध्ये गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांनी किमान २५ हजार गाणी मुद्रित केल्याची नोंद झाली. रफी यांनी तिला हरकत घेतली, पुष्कळ वाद झाला, आणि १९९१ मध्ये ती नोंद काढून टाकण्यात आली. गाणी एकेक करून मोजणाऱ्या अभ्यासकांना लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या थोडी पुढे आढळली. अन्य भाषांतील आणि चित्रपटाबाहेरील गाणी त्याहून निराळी. २५ हजार ऐकून ज्यांना अभिमान वाटत होता त्यांना हा आकडा लहान वाटला. वास्तविक तो लहान नाही. शिवाय कोणत्याही आवाजाचे मोल पोत्यांच्या संख्येवर ठरत नसते. गाणी किती गायिली यापेक्षा, नाव पुसले जात असताना ते लिहावयास लावले, ही कामगिरी अधिक टिकाऊ आहे.

कायदा या गोष्टीकडे फार सावकाश वळला. १९५७ च्या स्वामित्व हक्काच्या कायद्यात गायकाला स्थान नव्हते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या संगीताविषयीचा एक वाद निर्मात्यांच्या बाजूने निकालात काढला. त्या वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून, ज्याच्या गळ्याने श्रोते मुग्ध होतात त्या गायकास कायद्याचे संरक्षण नाही, याकडे लक्ष वेधले. १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना व्यापारी वापरातील उत्पन्नाचा वाटा देऊ केला आणि पुढच्याच वर्षी गायकांची हक्कसंस्था नोंदली गेली. लताबाईंच्या मागणीनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने हे झाले.

मध्य प्रदेश शासनाने १९८४ मध्ये सुगम संगीतासाठी लता मंगेशकर यांच्या नावाचा राष्ट्रीय सन्मान सुरू केला. त्याचा समारंभ इंदूर येथे होतो. १९८९ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार आणि २००१ मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च किताब त्यांना मिळाला. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. कवी प्रदीप यांची जन्मतारीखही ६ फेब्रुवारी हीच होय. ज्या घरात लताबाई जन्मल्या त्या जागी पुढे कापडाचे दुकान झाले. वास्तू राहिली नाही याचे अनेकांस वाईट वाटते, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या मुलीच्या पहिल्या मोठ्या गाण्यावर दुसरीचेच नाव छापले होते, तिच्या नावाने आज अन्य गायकांचा गौरव होतो, हे स्मारक दगडविटांच्या घरापेक्षा कमी नाही. आता उरले आहे ते तिच्या मागे बसलेल्यांचे काम. गाणे लावताना गायकाबरोबर कवीचे, संगीतकाराचे आणि वाद्यमेळ बांधणाऱ्याचेही नाव घेण्याची सवय श्रोत्यांनी लावून घेतली, तर त्यात खर्च काहीच नाही. १९४९ मध्ये ज्या श्रोत्यांनी पत्रे धाडून एका मुलीचे नाव विचारून घेतले, त्यांनी एवढेच केले होते.